ओव्याची चिमूट आणि तेलाची बाटली

‘‘झाडापासूनच काढलंय ना, मग त्यानं काय अपाय होणार?’’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पालकसभेत आम्हां विज्ञानशिक्षकांना वारंवार ऐकायला मिळतो. निलगिरीचे तेल, लवंगतेल, टी-ट्री ऑइल, कापूर-ओव्याची पुरचुंडी यांची सध्या चांगलीच चलती आहे. बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि ‘जंतुनाशक’ असे दोन शब्द असले की आईवडिलांचे समाधान होते. उलट, काही सुशिक्षित मंडळी हा सगळा प्रकार आजीबाईच्या बटव्यातले खूळ म्हणून झटकून टाकतात. आमच्या मते दोन्ही पक्ष जरा घाई करत आहेत. सुगंधी तेलांत जंतू मारण्याची ताकद आहे, ही गोष्ट खरी आहे. आणि ती खरी आहे म्हणूनच ती वापरताना किती, कुठे आणि कोणासाठी हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. एवढेच आमचे म्हणणे आहे, आणि ते नीट मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

आधी ही तेले म्हणजे काय ते पाहू. तीळ, शेंगदाणा किंवा कडुनिंबाच्या निंबोळीचे तेल घाणीवर निघते. ते हवेत उडून जात नाही. ओवा, लवंग, पुदिना, गवती चहा, निलगिरी यांचे सुगंधी तेल मात्र वेगळे. वनस्पती पाण्याच्या वाफेवर धरली की वाफेबरोबर हे तेल उडते आणि थंड झाल्यावर पाण्यापासून वेगळे होते. बाजारात यालाच एसेन्शियल ऑइल म्हणतात. दोन्हींतला फरक घरीच पाहता येतो. कोऱ्या कागदावर एक थेंब तिळाचे तेल आणि एक थेंब निलगिरीचे तेल टाका. दुसऱ्या दिवशी तिळाचा डाग तसाच असतो, निलगिरीचा जवळजवळ दिसेनासा झालेला असतो. म्हणून ‘कडुनिंबाचे एसेन्शियल ऑइल’ असे लिहून निंबोळीचे साधे तेल कोणी विकत असेल, तर सातवीतला मुलगाही कागदाचा तुकडा घेऊन शहानिशा करू शकतो.

आता ओव्याचेच उदाहरण घेऊ, कारण तो प्रत्येक घरात आहे. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे त्याला अजमो म्हणतात आणि जामनगरच्या हापा यार्डात त्याचा मोठा व्यापार चालतो. ओव्याच्या दाण्यात साधारण दोन ते चार टक्के सुगंधी तेल असते आणि त्या तेलाचा जवळजवळ निम्मा भाग थायमॉल नावाच्या द्रव्याचा असतो. गांधी दुकानात ‘ओव्याचे फूल’ म्हणून जे पांढरे स्फटिक मिळतात, ते म्हणजे हेच थायमॉल. एकोणिसाव्या शतकात जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यवैद्याने १८६५ पासून जखमा धुण्यासाठी कार्बोलिक आम्ल वापरले आणि शस्त्रक्रियेचे रूपच पालटले. थायमॉल हे त्या कार्बोलिक आम्लाच्याच रासायनिक कुळातले. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जहाजाने जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढले जाई. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, त्याचा हा चांगला नमुना. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि थायमॉलची टंचाई झाली, तेव्हा कुठे दाण्यातल्या द्रव्याची किंमत इथल्या लोकांना कळली.

हे द्रव्य जंतूंना मारते कसे? जिवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे एक पातळ आवरण असते. थायमॉल किंवा लवंगेतले युजेनॉल पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र सहज विरघळते. ते त्या आवरणात शिरते, आवरण सैल पडते, आतली द्रव्ये बाहेर झिरपतात आणि जिवाणू मरतो. काही बुरशींचेही असेच होते. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्या जिभेच्या, घशाच्या, डोळ्यांच्या पेशींभोवतीही अशाच जातीचे स्निग्ध आवरण असते. तेलाचा थेंब जिवाणू कोणता आणि आपले बाळ कोणते हे ओळखत नाही. लवंगतेल हिरडीला लागले की चरचरते ते उगीच नाही.

म्हणूनच प्रमाणाचा प्रश्न पहिला येतो. पोट दुखले की आजी अर्धा चमचा ओवा चावायला देते. त्यात हिशेबाने जेमतेम थेंबभर तेल असते, आणि तेही दाण्यातून हळूहळू सुटते. उलट, एक लहान चमचा म्हणजे पाच मिलिलिटर ओव्याचे तेल काढायला साधारण दीडशे ग्रॅम ओवा लागतो. कोणतीही आजी नातवाला दीडशे ग्रॅम ओवा एका बैठकीत चावायला लावणार नाही. पण बाटलीतले तेल चमच्याने देताना आपण नेमके तेच करत असतो आणि वर त्याला ‘आपला जुना उपाय’ म्हणतो. जुना उपाय चिमटीचा होता, बाटली नवी आहे. अति तेथे माती ही म्हण आपल्याकडे उगाच रुजलेली नाही.

इतिहासातही याचा धडा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ पासून अंकुशकृमींविरुद्ध मोठी मोहीम चालली. ग्रामीण लोकांच्या आतड्यांत हे जंत रक्त पीत आणि माणसे पांढरीफटक पडत. त्या मोहिमेत औषध होते थायमॉल. जंत पडत, पण रोग्याला सक्त ताकीद असे की त्या दिवशी तेल, तूप, मद्य काही घ्यायचे नाही. कारण स्निग्ध पदार्थात किंवा मद्यात थायमॉल विरघळले की ते आतड्यात न राहता रक्तात जाई आणि विषबाधा होई. त्यानंतर चाकवताच्या कुळातल्या एका अमेरिकी वनस्पतीचे सुगंधी तेल त्याच कामी वापरले गेले. तेही गुणकारी होते, पण गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर इतके थोडे की त्याने काही रोगी, विशेषतः मुले, दगावली. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि दोन्ही मागे पडली. ती दोन्ही द्रव्ये पूर्णपणे नैसर्गिक होती, हे मुद्दाम लिहून ठेवावेसे वाटते.

आता दुसरा प्रश्न, कुठे वापरायचे. ‘अमुक तेलाने प्रयोगशाळेत जंतू मेले’ अशा बातम्या येतात आणि त्या खोट्या नसतात. काचेच्या बशीत जिवाणूंची वाढ करून त्यावर तेलाचा थेंब टाकला की थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. पण माणसाचे शरीर म्हणजे काचेची बशी नव्हे. पोटात गेलेले तेल अन्नातल्या स्निग्ध पदार्थांना आणि प्रथिनांना चिकटते, यकृतात त्याची मोडतोड होते आणि उरलेला अंश सगळ्या रक्तात विरळ होतो. फुप्फुसातल्या जंतूंपर्यंत बशीतल्याइतके तीव्र तेल पोचवायचे म्हटले, तर आधी रोग्यालाच विषबाधा होईल. उकळत्या पाण्यानेही जंतू मरतात, म्हणून आपण ताप आलेल्याला उकळते पाणी पाजत नाही.

मात्र शरीराच्या बाहेर किंवा वरवर, जिथे तेल थेट पोचते, तिथे या द्रव्यांनी आपली लायकी सिद्ध केली आहे. दाताच्या दवाखान्यात शिरताच जो वास येतो, तो लवंगेतल्या युजेनॉलचा. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल कालवून केलेले तात्पुरते सिमेंट दंतवैद्य आजही वापरतात. थायमॉल, निलगिरीतले सिनिओल आणि मेंथॉल घातलेल्या गुळण्यांच्या औषधाने दातांवरचा थर कमी होतो, हे माणसांवरच्या चाचण्यांत दिसले आहे. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये १२४ तरुण रोग्यांवर चाचणी झाली. पाच टक्के टी-ट्री ऑइल असलेले मलम आणि नेहमीचे बेंझॉइल पेरॉक्साइड यांची मुरुमांवर तुलना केली. दोन्हींचा गुण आला. तेलाचा जरा उशिरा, पण त्याने त्वचेला त्रास कमी झाला. जुन्या कागदपत्रांची बुरशी घालवण्यासाठी अभिलेखागारांतून थायमॉलची धुरी देण्याची पद्धत होती. या सगळ्यांत एक साम्य आहे. प्रमाण ठरलेले, जागा ठरलेली आणि परिणाम मोजलेला.

लोणच्याचेही असेच आहे. मोहरी कुटून पाण्यात फेसली की नाकात झिणझिण्या आणणारे जे द्रव्य तयार होते, ते जंतूंना रोखते हे खरे. पण कैरीचे लोणचे वर्षभर टिकते ते मुख्यतः मिठाने, आंबटपणाने आणि वरच्या तेलाच्या थराने. मसाला मदतनीस आहे, मालक नव्हे. मीठ कमी करून मसाला दुप्पट घातला तर काय होते, हे बरणी उघडल्यावर समजते.

तिसरा प्रश्न, कोणासाठी. शाळेच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. पावसाळा लागला की आपल्या बालवर्गात काही मुलांच्या गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी दिसते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ‘कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब कापडात बांधून हुंगा, ऑक्सिजन वाढतो’ असा निरोप घरोघरी फिरला होता. त्या दिवसांत माणसे हवालदिल झाली होती, म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या निरोपाला आधार नव्हता. कापूर हुंगल्यावर नाकाला गारवा वाटतो आणि नाक मोकळे झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. लाट ओसरली, पुरचुंडी मात्र राहिली.

तीन-चार वर्षांचे मूल हाती येईल ते तोंडात घालते. कापूर पोटात गेला तर अर्ध्या तासाच्या आतसुद्धा मुलाला झटके येऊ शकतात. एक ग्रॅमइतका कापूर लहान मुलाच्या जिवावर बेतल्याची नोंद वैद्यकीय ग्रंथांत आहे. पूजेचा कापूर तर बहुतांशी टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो, म्हणजे ‘नैसर्गिक’ हे बिरुदही त्याला नीटसे लागू होत नाही. निलगिरीचे तेल गिळल्यावर मुलांना गुंगी येते, झटके येतात. दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर प्रौढ माणसांनाही निलगिरी व कापूर असलेली तेले आणि बाम वापरल्यानंतर फिट आल्याची उदाहरणे नोंदली आहेत. लवंगतेल दहा मिलिलिटर किंवा त्याहून कमी पोटात जाऊन दोन वर्षांच्या आतबाहेरची मुले बेशुद्ध झाल्याच्या आणि त्यांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

वेखंडाबद्दलही लिहायला हवे, कारण तो आपल्या बाळगुटीत असतो. पोथ्यांच्या कपाटात वेखंड ठेवण्याची चाल जुनी आणि चांगली आहे, त्याने कसर दूर राहते. पण भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसरोन नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. सहाणेवर दोन वळसे उगाळणे आणि बाटलीतले तेल चाटवणे यांत अर्थातच फरक आहे. तरीही तान्ह्या बाळाला काही चाटवण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. यात आजीचा मान कमी होत नाही.

‘‘पण प्रतिजैविके तरी कुठे निर्धोक आहेत? ती आता लागूही पडेनाशी झालीत,’’ असे काही पालक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू त्याला सरावतील. तसेच झाले. पण यावर उपाय म्हणून मुलाच्या न्यूमोनियाला निलगिरीची वाफ पुरेशी मानणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. शिवाय जंतू या तेलांना दाद देत नाहीत असेही घडते. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू प्रतिजैविकांना जसा चिवट, तसाच टी-ट्री ऑइललाही चिवट आहे. उलट, साधे सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर प्रतिजैविकही चालत नाही आणि चमचाभर तेलही. तिथे विश्रांती, गरम पेज आणि चार दिवसांचा धीर, हीच औषधे.

बडोदेकरांना तर हा वाद दोन तटांचा वाटू नये. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले आणि त्याचे पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी प्रा. कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्यासह १९०७ मध्ये ॲलेम्बिकचा पाया घातला. सुरुवातीला तिथे मद्यार्क आणि वनौषधींचे टिंक्चर बनत. त्याच ठिकाणी १९६१ मध्ये पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. सुगंधी तेलांतल्या टर्पीन वर्गाच्या द्रव्यांवर जन्मभर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून १९७४ नंतर आपल्या नंदेसरीला आले. वनस्पतीतले द्रव्य वेगळे काढा, मोजा, तपासा आणि मग बोला, ही रीत या गावाला नवी नाही. तिच्यापासून आपण मुलांना दूर का ठेवावे?

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. बालवर्ग आणि पहिली-दुसरीच्या मुलांच्या गळ्यात, दप्तरात वा खिशात कापराची पुरचुंडी किंवा तेलाची बाटली पाठवू नये. घरातल्या बाटल्या कुलपात ठेवाव्यात आणि खोकल्याच्या औषधाशेजारी तर मुळीच ठेवू नयेत. लहान मुलांच्या नाकात किंवा नाकाखाली ही तेले लावू नयेत. चुकून पोटात गेलेच, तर मुलाला ओकारी करवू नये, बाटली बरोबर घेऊन तडक इस्पितळ गाठावे. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. २०१६ पासून सरकारने त्या रेघेचा अर्थ लोकांपर्यंत पोचवण्याची मोहीम घेतली आहे, ती आपल्या घरात पोचली आहे का ते मुलांनीच पाहावे.

विज्ञान प्रदर्शनाबद्दलही थोडे सांगायचे आहे. दरवर्षी ‘निसर्गाचा खजिना’ असे रंगीत तक्ते लागतात, ज्यांत तुळस सर्व रोगांवर रामबाण असते. यंदा तक्त्याऐवजी प्रयोग मांडावा. झाकणाच्या सहा पारदर्शक बरण्यांत पावाचा ओलसर तुकडा ठेवावा. दोन बरण्यांत कुटलेला ओवा, दोनांत कुटलेली लवंग, आणि दोनांत काहीच नाही. रोज बाहेरूनच पाहून बुरशी कधी आली ते वहीत मांडावे. बरणी उघडू नये, शेवटी बंदच टाकून द्यावी. ओव्याचे प्रमाण निम्मे केले तर काय होते, तेही पाहावे. थायमॉल, मेंथॉल आणि कापूर हे तीन कोरडे स्फटिक एकत्र केले की बघता बघता त्यांचे पाणी होते, तीच आपली अमृतधारा. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. मिश्रणाचा वितळणबिंदू घटकांपेक्षा खाली कसा येतो, हे मुले मग जन्मात विसरणार नाहीत.

आणि आठवीच्या मुलामुलींसाठी एक प्रकल्प. आपल्या आजीला किंवा शेजारच्या बांना विचारून घरगुती औषधांची यादी करा, पण नुसती नावे लिहून आणू नका. किती घ्यायचे, कितव्या वर्षापासून द्यायचे, पोटात की वरून, आणि कोणाला अजिबात द्यायचे नाही, हे चार रकाने आखा. आमचा अंदाज आहे की जुन्या बायकांकडे या चारही रकान्यांची उत्तरे बाटलीवरच्या चिठ्ठीपेक्षा जास्त नेमकी मिळतील. जिथे रकाना रिकामा राहील, तिथे डॉक्टरांना विचारा. या याद्या दिवाळीच्या सुट्टीनंतर विज्ञान विभागाकडे द्याव्यात. त्यांतल्या ज्या गोष्टी शाळेत निर्धोकपणे तपासता येतील, त्या आपण मिळून तपासू.